आफ्रिकन डायस्पोरा: विद्यापीठात या विषयात नेमकं काय शिकवतात?

मुक्तछंद:
'परदेशी शिक्षण' विभागात जास्वंद यांनी विचारलं होतं की मुलीला इतिहासात बीए झाल्यावर अमेरिकेत आफ्रिकन डायस्पोराचा, म्हणजे आफ्रिकेबाहेर जगभर पांगलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, अभ्यास करायचाय, तर त्यात असतं तरी काय. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी याच विषयात एमए केलं, आता पीएचडी करतेय आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे तासही घेते.

आधी हा विषय विद्यापीठात आला कसा ते सांगते, कारण त्यावरून त्याचा स्वभाव कळतो. कुणा कुलगुरूंच्या मनात आलं म्हणून हा विभाग उघडला नाही. ६ नोव्हेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने संप पुकारला. आशियाई, मेक्सिकन, मूळनिवासी मुलांच्या संघटना त्यांच्या बरोबर आल्या. मागण्या सरळ होत्या: काळ्या समाजाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग हवा, तो चालवायचे अधिकार त्याच लोकांकडे हवेत, आणि आमच्या वस्त्यांमधल्या मुलांना प्रवेश हवा. पोलिस कॅम्पसमध्ये शिरले, लाठ्या चालल्या, शेकडो मुलं पकडली गेली. कॉलेजचे हायाकावा नावाचे हंगामी अध्यक्ष तर ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वायरी उपटल्या. संप मार्च १९६९पर्यंत चालला आणि त्यातून विभाग उभा राहिला. त्याच सुमारास कॉर्नेल, हार्वर्ड अशा ठिकाणीही विभाग सुरू झाले. या विषयातली पहिली पीएचडी मात्र बरीच उशिरा, फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात १९८८मध्ये सुरू झाली.

त्याआधी हे काम होत नव्हतं असं नाही. मोठ्या विद्यापीठांच्या उंबऱ्याबाहेर ते होतच होतं. हॉवर्डसारखी काळ्यांची विद्यापीठं होती. काळे इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९१५मध्ये काळ्यांच्या इतिहासासाठी संस्था काढली, पुढच्या वर्षी नियतकालिक काढलं, १९२६मध्ये फेब्रुवारीतला इतिहास सप्ताह सुरू केला. आज अमेरिकाभर साजरा होणारा काळ्यांच्या इतिहासाचा महिना त्यातूनच आला. पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते आर्थर शोम्बर्ग. जन्म पोर्तो रिकोचा, नोकरी न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात. शाळेत शिक्षकांनी सांगितलं होतं म्हणे की काळ्या लोकांना इतिहास नसतो. या माणसाने उभं आयुष्य पगारातून पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं, पत्रकं जमवण्यात घातलं. १९२६मध्ये तो संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला. आज हार्लेममध्ये १३५व्या रस्त्यावर त्यांच्या नावाचं केंद्र आहे आणि जगभरचे अभ्यासक तिथे येऊन बसतात.

आता वर्गात काय होतं ते सांगते. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना एकेक जहाज देते. अटलांटिकवरच्या गुलामांच्या सफरींचा मोठा माहितीसाठा ऑनलाइन खुला आहे, छत्तीस हजारांच्या आसपास सफरी आहेत त्यात. प्रत्येक सफरीची एक ओळ. जहाजाचं नाव, कप्तान, मालक, माणसं कुठल्या बंदरात चढवली, कुठे उतरवली, किती चढवली, किती उतरवली. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा आणि जो उरेल त्यावर एक पान लिहायचं. पान लिहायला बसलं की मुलांच्या लक्षात येतं की कप्तानाचं नाव आहे, जहाजाचं आहे, मालकाचंही आहे, आणि ज्यांच्यासाठी ही सफर निघाली त्यांतल्या एकाचंही नाव नाही. अभ्यासकांचा एकूण अंदाज असा की सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली आणि एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. त्यातली चार लाखांहून कमी आजच्या अमेरिकेच्या भूमीवर उतरली, एकट्या ब्राझीलमध्ये अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात. सिनेमांमुळे आपल्या डोळ्यांसमोर कापसाची शेतं येतात, पण या इतिहासाचा मोठा भाग ऊसाच्या मळ्यांत, कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये घडला.

मग मी त्यांना त्याच प्रकल्पाचा दुसरा भाग दाखवते. ब्रिटिश आरमाराने अडवलेल्या जहाजांवरून सोडवलेल्या माणसांची नावं फ्रीटाउन आणि हवाना इथल्या न्यायालयांच्या वह्यांत उतरवली गेली होती. नव्वद हजारांहून जास्त नावं आहेत. नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. ती नावं मोठ्याने वाचून कुठल्या भाषेतली असतील हे ओळखायला त्या त्या भाषा बोलणाऱ्यांनीच मदत केली आहे.

कागद नसेल तिथे काय करायचं, हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. लॉरेन्झो डाऊ टर्नर हे काळे भाषाशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ध्वनिमुद्रण करत फिरले. तिथल्या गल्ला लोकांच्या, म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या, बोलीला तोवर 'बिघडलेली इंग्रजी' म्हणून मोडीत काढत. टर्नर यांनी त्यात आफ्रिकी भाषांचे हजारो शब्द दाखवून दिले. हॅरिस नेक नावाच्या गावात अमेलिया डॉली या बाईंनी त्यांना एक छोटं गाणं म्हणून दाखवलं. आईकडून आलेलं, अर्थ ठाऊक नाही. ते मेंडे भाषेतलं निघालं. पुढे अनेक दशकांनी संशोधक सिएरा लिओनमध्ये गावोगाव ते ध्वनिमुद्रण ऐकवत हिंडले, तेव्हा सेनेहुन न्गोला गावात एका बाईने ते ओळखलं. तिच्या आजीने तिला शिकवलं होतं. अंत्यविधीच्या वेळी कबरीवर म्हणायचं गाणं. अमेलियाबाईंची मुलगी १९९७मध्ये त्या गावी गेली आणि दोघी ते गाणं एकत्र गायल्या. दोन शतकं, एक महासागर आणि गुलामगिरी पार करून आलेल्या पाच ओळी.

जास्वंद, तुमच्या लेकीला यात काय मिळेल, तर हे. ज्या कागदावर माणसाला माल म्हणून लिहिलंय तो कागद वाचायला शिकणं, आणि जिथे कागद नाही तिथे गाणं, शिवण, शेती, पूजा वाचायला शिकणं. बाकी विचारा, जमेल तसं लिहिते.

जास्वंद:
मनापासून आभार, मुक्तछंद. लेकीला लिंक पाठवली, तिने दोनदा वाचलं. मला आई म्हणून दोन प्रश्न आहेत. खर्च किती आणि पुढे नोकरी कुठे? तिच्या बाबांचा विरोध नाही, पण त्यांना झोप लागत नाही.

पेठकर:
लेख उत्तम. तरी एक मनापासून विचारतो, राग मानू नये. आपल्या मुलांनी आधी आपल्या इतिहासाचा अभ्यास करावा असं मला वाटतं. पुराभिलेखागारात मोडी कागदांचे ढीग वाचणाऱ्यांची वाट बघताहेत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा इतिहास त्यांची मुलं लिहितीलच. मराठी मुलीने त्यात जाऊन काय मिळवायचं?

गोदाकाठ:
पेठकर काका, मी नाशिकची. शाळेत इतिहास शिकवते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावातच आहे.

शरणपूर रोड नाशिककरांना रोजचा. त्या शरणपूरला १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं आणि सोडवलेली मुलं मुंबईला आणून उतरवायचं. त्यातली कित्येक शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. याओ, माकुआ अशा वेगवेगळ्या समाजांतली मुलं गोदावरीकाठी वाढली.

आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश धर्मप्रसारक आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६मध्ये शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याने नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण बरोबर घेतले. १८७२मध्ये आणखी काही मागून गेले, त्यात जेकब वेनराइट होता. १८७३च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात चितांबो गावी वारला. या मंडळींनी त्याचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. शव सुकवून, बांधून त्यांनी कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेलं. एप्रिल १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. लिव्हिंग्स्टनचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. नाशिकच्या शाळेतल्या या मुलाने त्या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली, हे मात्र नाशिकच्या मुलांना कुणी सांगत नाही.

मी सातवीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांना मराठी येत असेल का?" त्या एका प्रश्नावर कुणीतरी पीएचडी करावी असं मला खरंच वाटतं.

समुद्रपक्षी:
गोदाकाठ ताई, तुमच्या गोष्टीचा पुढचा भाग माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. मी नोकरीनिमित्त मोंबासात राहतो. १८७४-७५मध्ये नाशिकच्या मिशनचेच विल्यम प्राइस इकडे आले आणि मोंबासा बेटाच्या समोरच्या मुख्य भूमीवर मुक्त केलेल्या गुलामांची वसाहत उभारली. नाव फ्रेअरटाउन, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. ती चालवायला हाताशी माणसं कोण? नाशिकहून परतलेले आफ्रिकन. त्यांना इकडच्या इतिहासात 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड ही त्यांतली मोठी नावं. शिक्षक, सुतार, दुभाषे, धर्मोपदेशक. जोन्स आणि सेमलर पुढे रीतसर दीक्षित पाद्री झाले.

ती वसाहत आता शहरात मिसळून गेली आहे, पण केंगेलेनीच्या चौकात फ्रेअरटाउनची घंटा अजून उभी आहे. गुलाम पकडणाऱ्यांची टोळी येताना दिसली की ती वाजवायचे. खाली मटाटूंची (प्रवासी मिनीबसांची) गर्दी असते, मका भाजणाऱ्या बाया बसतात. बरोबरच्या केनियन सहकाऱ्याला मी सांगितलं की घंटेच्या या वसाहतीतले बरेच लोक माझ्या राज्यातून आले होते, तर त्याने तिथल्या तिथे आपल्या वडिलांना फोन लावला.

पेठकर:
गोदाकाठ, समुद्रपक्षी, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. वाचून अंगावर काटा आला. लिहीत राहा.

दक्खनी:
चर्चा छान चालली आहे, पण एक मुद्दा मांडतो, कारण मी मध्ययुगीन दख्खनचा अभ्यास करतो. मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी, शरणपूरची मुलं आणि मिसिसिपीच्या मळ्यातली माणसं या सगळ्यांना 'डायस्पोरा' या एकाच नावाखाली आणणं मला पटत नाही. अटलांटिकमध्ये गुलामगिरी वंशावर उभी होती, पिढीजात होती आणि मळ्यातल्या मजुरीसाठी होती. आपल्याकडे हबशी गुलाम सैन्यात यायचे, मुक्त व्हायचे, वजीर व्हायचे. अंबर हेच उदाहरण घ्या. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्म, लहानपणी विकला गेला, बगदादच्या व्यापाऱ्याकडे शिकला, अहमदनगरच्या निजामशाहीत पेशवा असलेल्या चंगेजखानाने त्याला विकत घेतलं, आणि तो चंगेजखान स्वतःही हबशीच. धनी वारल्यावर अंबर मुक्त झाला. पुढे त्याने १६१०मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, नहरींनी तिथे पाणी खेळवलं, जमीनमहसुलाची घडी बसवली, १६२४मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. अशा माणसाला 'पीडित डायस्पोरा'त बसवणं म्हणजे त्याला लहान करणं आहे.

मुक्तछंद:
दक्खनी, फार महत्त्वाचा मुद्दा आहे आणि आमच्या विभागात यावर अक्षरशः रात्री जागल्या जातात. तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. अटलांटिकचा साचा उचलून हिंदी महासागरावर ठेवला तर तो बसत नाही. इथली सफर मोठी नव्हती, जहाजांच्या याद्या नाहीत, आणि म्हणून आकड्यांबद्दल ठाम बोलता येत नाही.

पण आपल्याकडची गुलामगिरी म्हणजे फक्त वजीर आणि सेनापती, असं धरलं तर ज्यांना दरबार कधी दिसलाच नाही ते सगळे गळतात. मोझांबिकहून पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले घरगडी, पालखी उचलणारे, स्वयंपाक करणाऱ्या बाया. आणि गुलामगिरी आपल्याला परकी होती असंही नाही. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, हे पेठकर काकांना माहीत असेल. अंबर मोठा होता हे खरं, पण तो निवडीने इथे आला नव्हता हेही खरं. हा विषय दोन्ही गोष्टी एकत्र धरायला लावतो.

अंबरबद्दल एक चित्र वर्गात दाखवते. जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसनने १६१६च्या सुमारास काढलेलं, सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य ताणलेलं. समोर भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं डोकं, आणि बाण त्या डोक्यात शिरतोय. डोक्यावर घुबड बसलंय. मुलं बघतात आणि विचारतात, हे कुठल्या लढाईत झालं? हे कधीच झालं नाही. अंबर १६२६मध्ये ऐंशीच्या घरात असताना वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. जो हाती लागला नाही त्याला बादशहाने कागदावर मारून घेतलं. आणि अंबर गेल्यावर मोगल इतिहासकाराने लिहिलं की युद्धात, नेतृत्वात, कारभारात त्याला जोड नव्हती. शत्रूने काढलेलं चित्र पुरावा म्हणून कसं वाचायचं, हे शिकवायला मला याहून चांगलं साधन सापडलेलं नाही.

दक्खनी:
चित्राचा असा उपयोग मला सुचला नव्हता. गोव्याचा मुद्दाही मान्य. मात्र 'हबशी अमीर' आणि 'घरगडी' या दोन धारा वेगळ्या ठेवूनच अभ्यास व्हावा असं अजूनही वाटतं.

हल्याळची_सून:
मी हल्याळजवळची. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या पट्ट्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांची गावं आहेत. इतक्या प्रतिसादांत त्यांच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. जुन्या माणसांचं सांगणं असं की बरेचसे गोव्यातल्या पोर्तुगीज धन्यांकडून पळून घाट चढून जंगलात आले. घरात कोंकणी बोलतात, बाजारात कन्नड, हल्याळच्या बाजूला मराठीही. हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, आणि दम्माम वाजायला लागला की सगळे एकत्र नाचतात. २००३मध्ये त्यांना इथे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२०मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, कर्नाटकाच्या विधिमंडळात पोचलेले पहिले सिद्दी.

आमच्या शेजारच्या सिद्दी मावशी कवंदी शिवतात. आपल्या गोधडीसारखीच, जुन्या लुगड्यांची, पण त्यांची रीत वेगळी. कडेपासून सुरुवात करतात आणि आतल्या आत फेर धरत मध्यापर्यंत येतात. रंगांचे तुकडे आधी मांडून ठेवत नाहीत, हाताला येईल तो तुकडा बघतात आणि लावतात. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेली फुलं. फुलं नसली तर कवंदी उघडी राहिली म्हणतात, ती कुणाला द्यायची नाही. मावशींची नात धारवाडला कॉलेजात आहे. बसमध्ये तिला रोज कुणीतरी विचारतं, "कुठल्या देशातून आलीस?" ती कन्नडमध्ये उत्तर देते तरी विचारणाऱ्याचा विश्वास बसत नाही. तिच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या याच मातीत गेल्या आहेत. कॉलेजच्या इतिहासाच्या पुस्तकात तिच्या लोकांवर एक परिच्छेदही नाही. या धाग्यावर बोलताना ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे.

एक अजून. १९८७मध्ये सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना धावण्यासाठी निवडलं, 'आफ्रिकी रक्त आहे, पदकं आणतील' म्हणून. काही मुलांनी पदकं आणलीही. मग काही वर्षांत योजना बंद पडली आणि मुलं गावी परत आली. त्यांना शाळा-कॉलेजं हवी होती, मिळाली ती शर्यत.

मुक्तछंद:
ताई, तुमचा प्रतिसाद सगळ्यात वर असायला हवा. रक्तावरून माणसाचं कौशल्य ठरवणं किती सहज सरकारी धोरण होतं, याचं तुम्ही दिलेलं उदाहरण मी वर्गात सांगणार आहे.

आणि कवंदी! आमच्या विषयातला एक फार जुना वाद तिच्यात जसाच्या तसा शिवलेला आहे. १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हर्स्कोव्हिट्स म्हणत होते की अमेरिकेतल्या काळ्यांच्या गाण्यात, चालीरीतींत, देवघरात आफ्रिका टिकून आहे. फ्रँकलिन फ्रेझर हे काळे समाजशास्त्रज्ञ म्हणत होते की नाही, गुलामगिरीने सगळं तोडलं, जे उभं राहिलं ते अमेरिकेतल्या हालअपेष्टांतून नव्याने उभं राहिलं. वरवर बघता पहिला माणूस काळ्यांच्या बाजूचा आणि दुसरा विरोधातला वाटतो. पण फ्रेझरना भीती होती की 'हे मुळातच वेगळे' असं एकदा ठरलं की त्याचा उपयोग त्यांना वेगळं ठेवायला होईल. सिद्दी धावपटूंची गोष्ट वाचल्यावर ती भीती किती खरी होती ते कळतं.

आता कवंदीकडे या. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांच्या गोधड्या जगभरच्या संग्रहालयांत लागल्या आहेत. त्यातही रंग असेच आधी न आखता लावलेले असतात. दोन्ही शेजारी ठेवल्या की कुणालाही वाटेल, आफ्रिकेतून आलेली एकच दृष्टी. पण उत्तर कर्नाटकात आणि आपल्याकडे सिद्दी नसलेल्या बायकाही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतातच. मग कवंदीत आफ्रिका किती, दख्खन किती आणि त्या मावशींची स्वतःची नजर किती? माझं मत असं की तिसरा वाटा सगळ्यात मोठा असतो आणि अभ्यासक त्याच्याकडेच सगळ्यात कमी बघतात. मावशींना कुणी विचारलंय का, पुढचा तुकडा कसा निवडता म्हणून? त्यांची भाषा येणारा माणूसच ते विचारू शकेल.

नीलमोहोर:
पेठकरांच्या मूळ प्रश्नाला धरून थोडं. हे नातं महाराष्ट्रात दीडशे वर्षं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती आणि पुण्यात बसून एक माणूस ती बातमी आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांसाठी वाचत होता. गोदाकाठ यांनी लिहिलेला नाशिकच्या मुलांचा प्रवासही त्याच वर्षीचा.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. त्या काळात तिथे डनिंग नावाचे प्राध्यापक होते. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या काळ्या लोकांना मताधिकार देणं ही घोडचूक होती, असं सांगणारी इतिहासकारांची अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. ते चित्र खोडून काढलं काळे अभ्यासक ड्यू बॉइस यांनी, १९३५च्या त्यांच्या ग्रंथात. आणि १९४६मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलंय, अस्पृश्यही तसाच विचार करताहेत, तर त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवाल का, अशी विनंती होती. ३१ जुलैला उत्तर आलं. तुमचं नाव मला ठाऊक आहे आणि तुमच्या लोकांबद्दल मला सहानुभूती आहे, असा त्याचा आशय. ती पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुढे १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलं हे सांगायला नको. आम्ही वस्तीत वाढलो, तेव्हा ओकलंडच्या पँथरांची नावं आमच्या घरात मोठ्या भावाच्या तोंडी असायची. त्यामुळे 'आपल्याला त्यांचं काय' हा प्रश्न माझ्या घरात कधी पडलाच नाही.

पेठकर:
नीलमोहोर, तुमचं म्हणणं पोचलं. प्रश्न विचारल्याचं समाधान आहे, कारण त्यामुळे हे सगळं वाचायला मिळालं. आता मोडीच्या बाजूने मी काही मदत करू शकलो तर आनंद होईल. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी मोडी वाचतो. जंजिरेकर सिद्दीचा विषय पेशवे दफ्तरातल्या कागदांत वारंवार येतो. १७३३ची जंजिऱ्यावरची मोहीम, १७३६मध्ये रेवसजवळ चिमाजी आप्पांशी लढताना पडलेला सिद्दी सात, नंतरचे तह. आपल्या बाजूने सिद्दी म्हणजे कायमचा शत्रू असंच आपण वाचत आलो. त्या कागदांत सिद्दीच्या चाकरीतली साधी माणसं कुठे दिसतात का, या नजरेने मी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहीन.

मुक्तछंद:
पेठकर काका, हे वाचून फार आनंद झाला! जगभरात या विषयाच्या विभागांत पोर्तुगीज, फ्रेंच, अरबी, स्वाहिली वाचणारे पुष्कळ आहेत. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. जंजिरा संस्थान १९४८पर्यंत होतं, म्हणजे जवळजवळ आपल्या आजोबांच्या काळापर्यंत एक आफ्रिकी घराणं कोकणच्या किनाऱ्यावर राज्य करत होतं, आणि त्याचे मराठी कागद आपल्या हाताशी आहेत. मराठी मुलीने या विषयात काय आणायचं या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मला सुचतं ते सगळ्यात पक्कं उत्तर हेच.

जास्वंद, आता तुमचे प्रश्न. अमेरिकेत एमए बहुतेक ठिकाणी स्वखर्चाने करावं लागतं आणि ते महाग आहे. कर्ज काढून करू नका असं मी स्पष्टच सांगेन. पीएचडीला प्रवेश मिळाला तर साधारण शुल्कमाफी आणि शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं. बीएनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, पण स्पर्धा मोठी आहे आणि अर्जाबरोबर स्वतःचं लिखाण द्यावं लागतं. म्हणून आधी इथे एमए करावं. दिल्ली विद्यापीठात आफ्रिकन स्टडीजचा विभाग १९५५पासून आहे, मुंबई विद्यापीठातही केंद्र आहे. तिकडे भर आजच्या आफ्रिकेच्या राजकारण-अर्थकारणावर जास्त असतो, डायस्पोरावर कमी, तरी प्रबंधाचा विषय तिला निवडता येईल.

विभाग निवडताना नावावर जाऊ नका. कुठे ब्लॅक स्टडीज, कुठे आफ्रिकाना, कुठे आफ्रिकन अँड आफ्रिकन डायस्पोरा स्टडीज. त्या विभागात हिंदी महासागरावर काम करणारं कुणी आहे का ते बघा. नसेल तर इतिहास विभागात बघा.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी आहेत आणि अमेरिकेत काही राज्यांत या विषयावर सध्या राजकीय दडपणही आहे. २०२३मध्ये फ्लोरिडाने शाळांतला या विषयाचा प्रगत अभ्यासक्रम नाकारला. दुसरीकडे ब्राझीलमध्ये २००३पासून आफ्रो-ब्राझिलियन इतिहास शाळांत शिकवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पोर्तुगीज येणाऱ्याला तिकडे सहकार्याच्या संधी आहेत. माझ्या बरोबरचे काही संग्रहालयात गेले, काही अभिलेखागारात, एक वकील झाली, एक शाळेत शिकवतो आणि त्यात रमलाय.

जास्वंद:
मुक्तछंद, किती नीट सांगितलंत. तिच्या बाबांना वाचून दाखवलं. एमए इथेच करायचं ठरतंय. पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही एकदम झेपेल का, एवढंच विचारतेय ती. आणि पेठकर काका, तिने तुमच्याशी संपर्क साधला तर चालेल का?

पेठकर:
चालेल म्हणजे काय, अवश्य. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा. मोडी आधी घे म्हणावं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग असतात. मुळाक्षरं लवकर येतात, वेळ लागतो तो वेगवेगळ्या हातांची वळणं ओळखायला. सरावाला मी कागद देईन.

हल्याळची_सून:
आणि सुट्टीत आमच्याकडे पाठवा तिला. मावशींची नात म्हणते, प्रश्न विचारायला येणार असेल तर तिलाही बरोबर बसायचंय, तिचेही प्रश्न आहेत.

मुक्तछंद:
जास्वंद, पोर्तुगीज दुसऱ्या वर्षी घेऊ दे. गोव्यात शिकायची सोय आहे आणि तिथलं अभिलेखागारही बघून होईल. हल्याळला जाताना मात्र तिने प्रश्नांची यादी एकटीने करू नये. मावशींच्या नातीबरोबर बसून दोघींनी मिळून करावी, आणि पुढे जे लिहिलं जाईल त्यावर दोघींची नावं असावीत.